मनुक्यांचा काढा

रक्षाविसर्जन सकाळी नऊलाच उरकलं. आप्पासो मगदुमांनी आधीच सांगून ठेवलं होतं, माझी राख नदीत टाकायची नाही, पाण्यातले जीव मरतात, शेतातल्या आंब्याच्या बुडात खड्डा काढा आणि तिथं ठेवा. तसंच केलं. जन्मभर या माणसानं स्वतःसाठी कुणाला कसली तोशीस दिली नव्हती, मेल्यावर तरी कशाला देईल?

दुपारपर्यंत भावकी आणि सोयरे पांगले. चहा घेतला, ‘लई चांगला माणूस हुता’ म्हणाले आणि गाड्या काढून गेले. कसबा बावड्यातल्या त्या घरात मागं उरली घरचीच पाच माणसं आणि साखर कारखान्याच्या मळीचा वास. गळीत हंगाम सुरू झाला की हा वास दारं-खिडक्या लावल्या तरी घरात येऊन बसतो, आणि चार दिवसांनी बावडेकरांना तो येतोय हेसुद्धा कळेनासं होतं.

राजमती हॉलमध्ये सतरंजीवर भिंतीला टेकून बसली होती. तीन दिवसांत ती धड रडलीही नव्हती. कुणी गळ्यात पडलं की ती त्याच्याच पाठीवरून हात फिरवायची. मनात एकच गोष्ट घोळत होती, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. नवरा गेला त्याच्या आदल्या दिवशी ती त्याच्याशी भांडली होती. भांडण कशावरून, तर चहातल्या दुधावरून.

समोर खुर्चीवर नणंद बसली होती, धोंडुबाई. आप्पासोंपेक्षा सहा वर्षांनी मोठी, कुरुंदवाडला दिलेली, व्रती बाई. दही तिनं जन्माचं सोडलं होतं, चातुर्मासात तूप, दर रविवारी मीठ. जैन घरांत हे नवं नाही. दूध, दही, तूप, तेल, साखर, मीठ हे सहा रस; जिभेला वेसण घालायला किंवा हातून घडलेलं पाप फेडायला कुणी त्यातला एक सोडतं, कुणी दोन. धोंडुबाईनं मात्र सोडलेला प्रत्येक रस गावभर सांगितला होता. भावाच्या घरी जेवायला बसली की ताट यायच्या आधी तिची यादी यायची.

मुलगा वृषभ दारात पायरीवर बसून होता. काजूचा व्यापारी, आठवड्यातून दोनदा आजऱ्याला जाणारा, एरवी तोंडाची टकळी चालू असणारा माणूस; तीन दिवस त्यानं पाण्यापलीकडं काही घेतलं नव्हतं. सून स्नेहल स्वयंपाकघरात उगाच भांडी पुसत होती. आणि मुलगी ऐश्वर्या बापाची औषधं आवरत होती. तिचं जयसिंगपूरला औषधांचं दुकान. तिला रडू येत नव्हतं म्हणून ती आवरत होती, हे आईला समजत होतं.

“न फोडलेल्या पट्ट्या धर्मादाय दवाखान्यात देते,” ऐश्वर्या म्हणाली. “आई, फ्रिजमधी काय हाय का त्यांचं?”

“काढा हाय बघ त्याच्या दारात. तपकिरी बाटली.”

बाटली निघाली. तिच्यावर वृषभच्या अक्षरातली चिठ्ठी: काढा, संध्याकाळी अर्धी वाटी. ऐश्वर्यानं बूच काढलं आणि नाकाशी नेलं. मग पुन्हा नेलं. मग चार थेंब तळहातावर घेऊन पाहिले.

“आई, हे कसलं?”

“मनुक्यांचा काढा. आजऱ्याच्या कुणा वैद्याचा. तुझ्या अण्णांच्या दोन नळ्या बसवल्या न्हाईत का, मागल्या साली पावसाळ्यात? तवापास्नं वृषभ आणतोय. काळजाच्या शिरा मोकळ्या हुत्यात म्हनं.”

“किती दिवस देत होतीस?”

“सव्वा वर्ष झालं. दिवस मावळायच्या आत, जेवण झालं की अर्धी वाटी. एक दिस चुकवला न्हाय मी.” राजमतीच्या आवाजात थोडा अभिमान होता. नवऱ्यासाठी तिला करता येण्यासारखं एवढंच राहिलं होतं.

ऐश्वर्या बाटली घेऊन तशीच उभी राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, “आई, ही दारू हाय. वाईन. द्राक्षाची.”

“काय तरीच.” राजमतीला खरंच हसू आलं. “मी इचारलतं की त्याला. पहिल्याच दिवशी इचारलतं. म्हटलं, वैद्य लोक मधात औषध घालत्यात, ह्यात मध हाय का? तर न्हाय म्हणाला. थेंबभर मध न्हाय म्हणाला.”

मद्य, मांस आणि मध. या घरात कळत्या वयात पोरगं आलं की मुनी महाराजांसमोर बसवून या तिन्हींचा त्याग करवतात. आप्पासोंनी तो आठव्या वर्षी केला होता. राजमतीला भीती होती ती मधाची, कारण मध औषधात येतो. मांस कुणी काढ्यात घालत नाही, आणि मद्य आपल्या घरात येईल हे तिच्या सात पिढ्यांत कुणाच्या मनात आलं नसतं. म्हणून तिनं मधाचं विचारलं, आणि मुलानं खरं उत्तर दिलं होतं.

“वृषभ,” ऐश्वर्यानं हाक मारली, “आत ये.”

तो उठला, उंबऱ्यापर्यंत आला आणि तिथंच थांबला. बहिणीच्या हातातली बाटली बघून त्यानं डोळे मिटले.

“कोण वैद्य हाय रे आजऱ्यात? नाव सांग.”

“कुणी न्हाय,” वृषभ म्हणाला. “वाईनच हाय. लाल. गोदामात बाटल्या बदलून आणायचो.”

धोंडुबाईच्या हातातली जपमाळ थांबली.

“अण्णांस्नी दवाखान्यात नेलं तवा डॉक्टर म्हणाले, काळीज तीस टक्केच चालतंय,” वृषभ बोलायला लागला तसा थांबेना. “तीस टक्के! म्या काय कराचं? नाशकाकडचं एक गिऱ्हाईक हाय माझं. त्याला बी नळ्या बसवल्यात. तो म्हणाला, रोज थोडी वाईन घेतो, शिरा साफ ऱ्हात्यात, परदेशात डॉक्टरच देत्यात. मोबाईलवर चार व्हिडिओ पाठवलं. पांढरा कोट घातलेली माणसं सांगत हुती, ताई. अण्णांस्नी सांगितलं असतं तर त्यांनी घेतली असती? शिखरजीच्या यात्रेला चालत जा म्हणालं असतं कोण तर मी गेलो असतो. हे तर नुसतं बाटली भरायचं काम हुतं.”

“डॉक्टरला विचारलंस?”

“न्हाय.”

“का?”

“नको म्हणाले असते तर?”

ऐश्वर्याला जे तीन दिवस येत नव्हतं ते आता रागाच्या रूपानं आलं. “रक्त पातळ करायची गोळी चालू होती त्यांची! साखर होती! दुकानात रोज माणसं येतात असली फॉरवर्ड घेऊन, मी परत पाठवते. आणि माझ्या बापाला माझाच भाऊ... तू मारलंस त्यांना वृषभ. ऐकतोयस? तू मारलंस.”

“त्यांना एकट्याला बोलू नका ताई.” स्नेहल दारात आली होती. नवऱ्याला एरवी चार शब्द सुनवायची संधी न सोडणारी ही पोरगी, पण आता ती त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली. “मला ठावं हुतं. चिठ्ठी चिकटवली ती मीच. काय म्हणायचं ते दोघांस्नी म्हणा.”

 राजमती स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत होती.

ऐश्वर्यानं तिथल्या तिथं डॉक्टरांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. डॉक्टर भला माणूस. पुरतं ऐकून घेतलं.

“ताई, एकेकाळी आमच्यातलेही काहीजण म्हणायचे, थोडी वाईन हृदयाला बरी. आता तसं छातीठोक कुणी सांगत नाही. जी माणसं थोडी घेऊन ठणठणीत दिसायची, त्यांचं खाणंपिणं, चालणं, पैसाअडका सगळंच बरं होतं. गुण वाईनचा होता असं काही ठरलं नाही. आणि न पिणाऱ्यानं हृदयासाठी सुरू करावी, हे मी तरी कुणाला सांगणार नाही. मला विचारलं असतंत तर नको म्हणालो असतो.”

“त्यानं गेले का ते?”

“अर्धी वाटीनं? नाही, तसं मी म्हणणार नाही. हृदय मुळातच थकलेलं होतं. त्यानं ते गेले नाहीत, आणि त्यानं जगलेही नाहीत. एक सांगू? आप्पासोंसारखं पथ्य माझ्या एकाही पेशंटनं पाळलं नाही. मीठ कमी करा म्हटलं, तर त्यांनी पार बंद केलं. वाईट वाटतं हो.”

फोन बंद झाला. ऐश्वर्या खाली बसली. भावाला म्हटलेलं परत घ्यावं असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. वृषभला त्या निकालानं काही सुटल्यासारखं वाटलं नाही. तो तसाच उभा होता.

तेव्हा धोंडुबाई उठली.

“डॉक्टरला काय कळतंय? जीव काय, कवातरी जाणारच हुता. नेम गेला त्याचं काय?” म्हातारीचा आवाज चढला नाही, त्यामुळं तो जास्त लागला. “आठव्या वर्षी माझ्या मांडीला मांडी लावून बसलाता आप्पा महाराजांच्या म्होरं. सत्तर वर्ष पाळलं त्यानं. लष्करातल्या पोरांच्या लग्नात जेवला न्हाय, कारखान्याच्या पार्टीत पाणी पिऊन आला. आणि शेवटाला रोज दारू पिऊन गेला माझा भाऊ, आणि त्याला म्हाईतबी न्हाय. माफी मागायला सुदिक वाव दिला न्हाईसा त्याला. आणि पाजली कुणी? बायकोनं. उभं राहून.”

“आत्ती, आईला ठाऊक नव्हतं!” ऐश्वर्या म्हणाली.

“इखाला ठाऊक असतंय व्हय, कुणी दिलं ते? सुतक फिटलं की वृषभनं महाराजांच्या म्होरं जायाचं आणि चार माणसांत उभं राहून सांगायचं, मी हे केलं. तोवर ह्या घरातलं पाणी मला चालणार न्हाय. गाडी येईस्तवर मी भाईर बसतो.”

ती बाहेर कट्ट्यावर जाऊन बसली. तिचा मुलगा कुरुंदवाडहून निघाला होता, त्याला अजून तासभर होता.

“सांगतो,” वृषभ म्हणाला, कुणाकडंच न बघता. “महाराजांस्नी सांगतो, गावाला सांगतो. पर अण्णांस्नी कसं सांगू?”



राजमती उठली, बाटली नेऊन स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवली. हात धुतला. पुन्हा धुतला. मागच्या दाराशी ओट्याला टेकून उभी राहिली, आणि तिला तो आदल्या दिवसाचा चहा आठवला.

पंधरा दिवसांपूर्वी आप्पासोंनी चहातलं दूध बंद केलं होतं. मीठ आधीच गेलं होतं, तूप गेलं होतं, साखर गेली होती. उकडलेली भाजी आणि नुसती भाकरी. प्रत्येक वेळी तिनं का म्हणून विचारलं की एकच उत्तर: “डॉक्टरांनी सांगितलंय.” माणूस वाळून निम्मा झाला होता आणि येईल तो पाहुणा म्हणत होता, वा, वजन आटोक्यात आणलंसा की. त्या आदल्या संध्याकाळी मात्र तिचा तोल गेला. “दूध कवा बंद केलं वो डॉक्टरांनी? माझ्या हातचं काहीच नको झालंय तुम्हाला. मग मला तरी कशाला ठेवलीया?” आप्पासो हसले होते. कोऱ्या चहाची कपबशी बाजूला ठेवून म्हणाले होते, “तुझ्या हातचा काढा घेतो की रोज. आण बघू.” तिनं फणकाऱ्यानं वाटी आदळली होती. ती दोन्ही हातांत धरून, शेवटच्या थेंबापर्यंत, तिच्याकडं बघत ते प्याले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत.

तेच तिच्या हातचं शेवटचं. दारू. राजमतीला वाटलं, हा हात मनगटापासून काढून ठेवता आला असता तर किती बरं झालं असतं.

“वैनी, हायसा काय?”

मागच्या दारी हंबीरराव उभे होते. आप्पासोंचे शाळेपासूनचे दोस्त, मंगळवार पेठेतले जुने पैलवान. कान मोडलेले, गुडघे गेलेले, हातात मोठा पितळी डबा. दर रविवारी ते बावड्याला येत आणि दोघं म्हातारे बंधाऱ्यापर्यंत चालत जात. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, कडू घास सोयऱ्यांनी आणायचा असतो, आणि आजचा मान हंबीररावांनी कुणाला न विचारता स्वतःकडं घेतला होता.

“कांदा-लसूण न्हाय, बटाटा न्हाय. आमच्या चिमणाबाईनं चारदा इचारलं मला, गाजर चालतंय का म्हणून. मी म्हटलं, जमिनीखालचं काय बी घालू नगंस. भाकरी हाय, मुगाची आमटी हाय. दिवस मावळायच्या आत खावा.” ते बोलता बोलता थांबले. “वैनी? काय झालं?”

तिनं ओट्यावरची तपकिरी बाटली दाखवली. हंबीररावांनी ती उचलली नाही, वासही घेतला नाही. नुसते बघत राहिले.

“कळलं व्हय तुम्हास्नी,” ते म्हणाले.

“तुम्हाला ठावं हुतं?”

हंबीररावांनी डबा खाली ठेवला आणि दाराच्या पायरीवर टेकले. “आप्पानं शपथ घातली हुती. पर आता त्योच न्हाय, तर शपथ कुणापाशी ठेवू? गेल्या वर्षी, तुमची अनंत चतुर्दशी झाली, त्याच्या म्होरला रविवार. बंधाऱ्यावर बसलो हुतो. खिशातनं औषधाची इवलीशी बाटली काढली आणि म्हणाला, हंबीर, ह्याचा वास घे. तू सगळं करून बसलाईस, तुला कळंल. मी वास घेतला आणि हसलो वो वैनी. म्हटलं, आप्प्या, लेका म्हातारपणी सुरू केलंस व्हय? मला काय ठावं?  त्यो अर्धा तास पाण्याकडं बघत बसला.”

राजमतीनं ओट्याची कड घट्ट धरली.

“मी म्हटलं, वतून टाक, पोराच्या दोन कानाखाली दे. तर म्हणाला, वृषभला कळू द्याचं न्हाय. आणि राजमतीला तर न्हाईच न्हाय, ती जिती ऱ्हायची न्हाय. म्हणाला, पोरगा भ्यालाय रे, बाप मरंल म्हणून. त्याच्या डोळ्यांत बघवत न्हाय मला. आणि ही वाटी भरून उभी ऱ्हाती, रिकामी हुईस्तवर हलत न्हाय. दोघांस्नी वाटतंय मी जगावं, ते मी कसं मोडू? मी म्हटलं, आणि तुझा नेम? तर म्हणाला, नेम माझा हाय, मोडलेलं फेडायचं कसं ते माझं मी बघतो. वाट हाय माझ्यापाशी. कसली वाट, ते काय बोलला न्हाय. पुन्हा कधी त्यो इषय काढला न्हाय.” हंबीररावांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. “बारा गावचं पाणी प्यालेला माणूस मी, पर असला गडी बघितला न्हाय.”

ते गेले तरी राजमती तिथंच उभी होती. फ्रिजवर डॉक्टरांनी दिलेला पथ्याचा कागद चिकटवलेला होता. सव्वा वर्ष ती त्याच्यासमोरून ये-जा करत होती. आज तिनं तो वाचला. मीठ कमी. तूप-तेल बेताचं. साखर कमी. आणि खाली, स्वच्छ अक्षरात: दूध एक कप, दही एक वाटी, चालेल.

चालेल.

अनंत चतुर्दशीनंतरच्या सोमवारी त्यांनी मीठ सोडलं होतं. तिला तो वार पक्का आठवत होता, कारण त्यांनी कालवण परत केलं म्हणून तिनं तोंड फुगवलं होतं. दिवाळीत तूप. संक्रांतीला तिळगूळ घेतला, खिशात ठेवला, आणि त्या दिवसापासून साखर बंद. भर उन्हाळ्यात ताक नको म्हणाले, तिला वाटलं घसा धरला असेल. श्रावणात फोडणी गेली. आणि पंधरा दिवसांपूर्वी दूध. सहा रस. सहाच्या सहा, एका वाटीपायी, सव्वा वर्षभर. ज्यांच्या हातून पाप घडलं त्यांच्याच पंक्तीला बसून ते फेडत होते, आणि विचारलं की डॉक्टरांचं नाव सांगत होते.

तिला त्यांचा राग आला. भयंकर राग आला. पन्नास वर्षं एका ताटातली भाकरी मोडून खाल्ली आणि एवढं एक मला सांगितलं नाहीत? मी भांडत होते, आणि तुम्ही हसत होता? मग राग कुठल्या कुठं गेला आणि ओट्यावर डोकं टेकून ती रडली. तीन दिवसांत पहिल्यांदा, तोंडात पदर कोंबून, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

खिडकीतून ऊन तिरपं आत आलं होतं. अजून अर्धा तास, मग दिवस मावळणार. तिनं तोंड धुतलं. बाटलीतलं सगळं मोरीत ओतलं, बाटली विसळली. डबा उचलून ती बाहेर आली.

“ताटं घे गं स्नेहल.”

“आई, मला नको,” वृषभ म्हणाला.

“खाली बस.” ती त्याच्यासमोर बसली. ऐश्वर्या ऐकत होती, कट्ट्यावरची धोंडुबाई दाराशी येऊन उभी राहिली होती. राजमतीनं सावकाश शब्द उचलले. “मगा तू म्हणालास, अण्णांस्नी कसं सांगू. सांगायची गरज न्हाय. त्यांस्नी ठावं हुतं.”

वृषभनं मान वर केली.

“हंबीरराव आलते. गेल्या वर्षीच त्यांस्नी कळलं हुतं, काय हाय ते. हंबीररावांस्नी म्हणाले, पोरगा भ्यालाय, त्याचं मन मोडू नका. आपल्या मनानं घेत हुते ते. तू फसवलं न्हाईस त्यांस्नी. फसवून घेतलं त्यांनी.”

“रागावले न्हाईत?” एवढा मोठा चाळिशीचा बाप्या, पण आवाज पाचवीतल्या पोराचा आला.

“रागावले असते तर तुझ्या हातची बाटली रोज वाटीत का ओतू दिली असती? तू चुकलास. डॉक्टरला इचारलं न्हाईस, बापाला इचारलं न्हाईस, मला तर खुळीच केलंस. ते महाराजांस्नी सांग, ते देतील ते प्रायश्चित्त घे. पर बापानं माफ केलेला मुलगा म्हणून जा.”

“आणि त्याचा नेम?” दारातून धोंडुबाईनं विचारलं. “ठाऊक असून पीत हुता? मग नेमाचं काय केलं आप्पानं?”

राजमतीनं नणंदेकडं बघितलं. सगळं तोंडावर आलं होतं. मीठ, तूप, साखर, दही, तेल, दूध. एकदा सांगितलं तर आप्पासोंचं नाव कुरुंदवाडपर्यंत गाजेल, म्हातारी स्वतः गाजवेल. आणि समोर बसलेलं पोर उभ्या जन्मात घास गिळणार नाही. दर जेवणाला त्याला बापाचं अळणी ताट दिसेल.

“ते त्यांचं त्यांनी बघितलं, वन्सं,” ती म्हणाली. “मला काय बोलले न्हाईत.”

तेवढं तरी खरं होतं.

ऐश्वर्या सरकत भावाजवळ गेली. “मघा बोलले ते...” म्हणाली आणि पुढचं तिला जमेना. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि लहानपणी भरवायची तसा त्याच्या तोंडाशी धरला. वृषभनं तोंड उघडलं. चावता चावता तो रडायला लागला, पण त्यानं घास टाकला नाही.

स्नेहलनं सगळ्यांची ताटं वाढली. राजमतीच्या ताटात डावीकडं चिमूटभर मीठ, वाटीत आमटी, भाकरीवर तूप. राजमतीनं तूप लागलेली भाकरी स्नेहलच्या ताटात ठेवून कोरडी उचलली. आमटीची वाटी बाजूला सारली. मग पदराच्या टोकानं ताटातलं मीठ पुसून काढलं आणि कोरड्या भाकरीचा घास घेतला.

“आई, नुसती भाकरी का?” वृषभनं विचारलं. “आमटी घे की. निदान मीठ तरी.”

“नको.”

“का गं?”

“डॉक्टरांनी सांगितलंय.”

“तुला?” ऐश्वर्या ताटावरून मान वर करून म्हणाली. “तुला कुठल्या डॉक्टरांनी सांगितलं? कधी?”

दारात धोंडुबाई खिळल्यासारखी उभी होती. ती त्या पुसलेल्या ताटाकडं बघत होती. गेल्या भाऊबिजेला, आणि या भाऊबिजेलाही, तिच्याच घरी, तिच्या पाटावर बसून आप्पानं असंच ताट पुसलं होतं, असंच तूप नको म्हटलं होतं, आणि हेच दोन शब्दांचं उत्तर दिलं होतं. तिनं चारचौघांत त्याला हसून घेतलं होतं, जिवाला एवढा भिणारा माणूस बघितला न्हाय म्हणून. म्हातारीचे ओठ हलले. बोटांवर ती काहीतरी मोजत होती, आणि मोजून झाल्यावर तिनं चौकटीला धरलं.

बाहेर तिच्या मुलाच्या गाडीचा हॉर्न वाजला. ती वळली नाही.

“आई, सांग ना, कुठल्या डॉक्टरांनी?” ऐश्वर्यानं पुन्हा विचारलं.

“सांगितलं आसंल कुणीतरी,” धोंडुबाई म्हणाली. आवाज फुटत होता तरी तिनं तो दटावणीचाच ठेवला. “सारखं काय इचारतीस आईला? गप जेव.”

ती आत आली, गुडघ्यावर हात देत राजमतीच्या शेजारी सतरंजीवर बसली, आणि तिनं पाण्याच्या तांब्याकडं हात पुढं केला.